"आजोबा अन्न इन्हेल करतात": एका शब्दामुळे सोळा तास उपाशी राहिलेल्या रुग्णाचं प्रकरण

रविवारी संध्याकाळी साडेसातची वेळ. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलचा वृद्ध रुग्णांचा वॉर्ड. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा घरात पडले म्हणून दुपारी दाखल झाले होते. तपासताना छातीत घरघर ऐकू आली आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला. त्यांना ऐकायला कमी येतं, त्यात दिवसभराच्या हेलपाट्यांनी थकून ते झोपी गेले होते. म्हणून दाखल करतानाची माहिती नर्सने सोबत आलेल्या नातीकडून घेतली. औषधं कोणती चालू आहेत, चालताना काठी लागते का, रात्री किती वेळा उठतात, आणि मग नेहमीचा प्रश्न: खाणंपिणं कसं आहे?

नात हसून म्हणाली, "ओह, ही जस्ट इन्हेल्स हिज फूड."

नर्सचं पेन थांबलं. तिने विचारलं, "ऑलवेज?"

"ऑलवेज. एव्हर सिन्स आय वॉज लिटल."

नर्सने कागदावर लिहिलं: नातेवाईक सांगतात की रुग्ण अन्न इन्हेल करतो, म्हणजे शब्दशः श्वासाबरोबर आत ओढतो. आठ वाजता रात्रपाळीच्या नर्सला रुग्ण सोपवताना तेच वाक्य तिने तोंडी सांगितलं, पण सांगता सांगता त्यातला शब्द बदलला. इन्हेलच्या जागी अ‍ॅस्पिरेट आला. हा वैद्यकीय शब्द, अर्थ: अन्न फुप्फुसात जाणं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ते ऐकलं, एक्स-रे पाहिला आणि मान डोलावली. आजोबांच्या उशाशी "निल बाय माउथ"ची पाटी लागली. म्हणजे तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

ही नर्स माझी विद्यार्थिनी. मिरजेत मी परदेशी जाणाऱ्या नर्सेसना इंग्रजी शिकवते, मुख्यतः ओईटी या परीक्षेसाठी. आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजी तपासणारी ही परीक्षा आहे आणि इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायला ती चालते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. नर्सिंग शिकलेल्या मुली आसपासच्या खेड्यांतून येतात, दिवसा ड्यूटी करतात आणि संध्याकाळी क्लासला बसतात. ही मुलगी त्यांच्यातलीच, माझ्या पहिल्या काही बॅचमधली. हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे. आजोबा, नात किंवा हॉस्पिटल ओळखू येईल असा तपशील मुद्दाम ठेवलेला नाही.

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते तिच्या एका मसुद्यातून. इंग्लंडमध्ये नर्सला दर तीन वर्षांनी आपली नोंदणी नव्याने पक्की करावी लागते, आणि त्यासाठी बाकीच्या अटींबरोबर स्वतःच्या कामावर विचार करून लिहिलेली पाच टिपणं लागतात. त्यातलं एक तिने या रात्रीवर लिहिलं आणि भाषा तपासायला मला पाठवलं. पहिलंच वाक्य होतं, "माझं इंग्रजी कच्चं असल्यामुळे रुग्णाला त्रास झाला."

हे वाक्य मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

तिने जे जोडलं ते का जोडलं

तिच्या जागी बसून पाहू. समोर न्यूमोनियाचा रुग्ण, वय ऐंशीच्या पुढे. दुखणं कुठे, तर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की श्वासनळीला पुढे दोन फाटे फुटतात आणि त्यातला उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभा असतो. त्यामुळे घास चुकीच्या वाटेने गेला तर तो बहुधा उजवीकडे उतरतो. अन्नाचे कण किंवा लाळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाला अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात, आणि म्हातारपणात गिळण्याचे स्नायू मंदावले की त्याची भीती असतेच. अशा रुग्णाची नात सांगते की आजोबा अन्न श्वासाबरोबर आत ओढतात! कान, पुस्तक आणि एक्स-रे तिघांनीही एकच गोष्ट सांगितली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. घास चुकीच्या वाटेला गेला की ठसका लागतो हे आपल्याला ठाऊक आहे, पण काही रुग्णांना ठसका लागतच नाही. त्याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. खोकला नाही, धाप नाही, अन्न मात्र गुपचूप फुप्फुसात उतरत राहतं. म्हणून "खोकत तर नव्हते" एवढ्यावर शंका सोडून द्यायची नाही, असंच तिला शिकवलेलं होतं. स्ट्रोकच्या रुग्णांची गिळण्याची प्राथमिक तपासणी दाखल झाल्यापासून चार तासांच्या आत व्हावी असा तिथला दंडक आहे. गिळण्याच्या बाबतीत तिथली व्यवस्था इतकी सावध आहे, आणि त्या व्यवस्थेत नवीन नर्सने सावधपणाच्या बाजूला झुकणं यात मला काही गैर दिसत नाही.

म्हणजे तिचा तर्क धडधाकट होता. पायाखालचा एक शब्द तेवढा वेगळा होता.

नात काय म्हणाली होती

नातीला म्हणायचं होतं: आजोबा बकाबका खातात. ताट समोर आलं की दोन मिनिटांत फस्त. लहानपणापासून ती हे बघत आली होती आणि घरात तो कौतुकाचा विषय होता.

इंग्रजीत भराभर खाण्याला "इन्हेल" म्हणणं हा अनौपचारिक, मूळचा अमेरिकी वळणाचा वापर आहे. अमेरिकी शब्दकोशांत तो रीतसर नोंदलेला आहे, आणि ब्रिटिश शब्दकोश त्याच्यापुढे उत्तर अमेरिकेतला असल्याची खूण करतात. ही नात काही वर्षं कॅनडात राहून आलेली होती. इंग्लंडमधल्या शेजारणीने हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली असती. "ही वुल्फ्स इट डाउन", म्हणजे लांडग्यासारखं खातात. "ही बोल्ट्स हिज फूड", म्हणजे न चावता गिळतात. किंवा नुसतं "स्कॉफ". व्हॅक्यूम क्लीनरच्या हूव्हर या ब्रँडवरून तर क्रियापदच झालेलं आहे, "ही हूव्हर्स इट अप". घोट किंवा घास घशाला लागलासुद्धा नाही इतक्या झटकन गेला तर "इट डिडन्ट टच द साइड्स" म्हणतात. यातला कोणताही शब्द आला असता तर माझी विद्यार्थिनी फार तर अर्थ विचारत बसली असती. लांडगा किंवा व्हॅक्यूम क्लीनर ऐकून कुणी रुग्णाला उपाशी ठेवत नाही.

घात झाला तो इथे, की "इन्हेल" हा शब्द तिला येत होता. ज्याचा अर्थ माहीत नसतो तो शब्द आपण विचारतो. ज्याचा अर्थ पाठ असतो त्याच्याबद्दल विचारायचं सुचतच नाही. दोघी एकच शब्द घेऊन उभ्या होत्या, एकीकडे तो घरातून आला होता आणि दुसरीकडे पुस्तकातून.

हा शब्द रोजच्या इंग्रजीत कुठे कुठे भेटतो

मी वर्गात कित्येक वर्षं हा शब्द एका ओळीत उरकत आले: रुग्णाशी बोलताना "ब्रीद इन", कागदावर लिहिताना "इन्हेल". ओळ चुकीची नाही, पण तोकडी आहे. या प्रकरणानंतर मी बसून नीट पाहिलं की इंग्रजी बोलणारी माणसं दिवसभरात हा शब्द नेमका कधी तोंडात घेतात.

साधा श्वास आत घेण्यासाठी घरात कुणी इन्हेल म्हणत नाही. डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून म्हणतात "डीप ब्रेथ इन". एक्स-रेवाला म्हणतो "ब्रीद इन, होल्ड इट, अँड ब्रीद नॉर्मली". आपल्याकडचा एक्स-रेवाला म्हणतो "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा". इन्हेल हा लॅटिनमधून आलेला शब्द आहे, आत या अर्थाचा "इन" आणि श्वास टाकणं या अर्थाचा "हालारे" मिळून झालेला. म्हणून त्याला थोडा शिष्ट, पुस्तकी वास आहे. घरगुती बोलण्यात असा शब्द आला की तो कशासाठी तरी मुद्दाम आलेला असतो, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं.

योगाच्या वर्गात तो हुकमासारखा येतो, "इन्हेल... एक्झेल". आपल्याकडच्या पूरक आणि रेचकाला परदेशातल्या वर्गांनी हीच जोडी दिली आहे, आणि आता पुण्या-मुंबईतल्या वर्गांतही तीच ऐकू येते. ताज्या पावाचा किंवा कॉफीचा वास मन भरून घेतला तर तिथे इन्हेल शोभतो. आगीच्या बातमीत "स्मोक इन्हेलेशन" असतंच, कारण आगीत भाजण्याइतकाच धूर छातीत जाणंही जिवावर बेततं.

सिगारेटच्या बाबतीत हा शब्द अगदी नेमका आहे. धूर तोंडात घेऊन सोडून देणं वेगळं आणि तो छातीत ओढणं वेगळं, आणि इन्हेल म्हणजे फक्त दुसरं. एका मोठ्या राजकीय वक्तव्याचा सगळा भार या फरकावर होता. 1992 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मागत असताना बिल क्लिंटन यांनी टीव्हीवर सांगितलं की इंग्लंडमध्ये शिकत असताना एक-दोनदा मारिजुआना ओढून पाहिली, आवडली नाही, आणि "आय डिडन्ट इन्हेल". धूर आत घेतला नाही. हे वाक्य लोकांच्या तोंडी इतकं बसलं की अर्धवट कबुली देणाऱ्याला आजही ते ऐकवतात. मी ते वर्गात सांगते, कारण या शब्दाचा "आत, थेट छातीपर्यंत" हा गाभा त्याने मुलींच्या पक्का ध्यानात राहतो.

आणि इन्हेलर. हा शब्द वाटतो त्याहून जुना आहे. 1778 साली प्लिमथचे डॉक्टर जॉन मज यांनी खोकल्यासाठी अफूमिश्रित वाफ घ्यायला झाकणाचा एक मग वापरला आणि त्याला इन्हेलर हे नाव दिलं. आज दम्याचे रुग्ण वापरतात तो दाबाचा छोटा इन्हेलर 1956 मध्ये बाजारात आला. तोही घरात इन्हेलरच राहतो असं नाही. इंग्रजीत त्याला "पफर" म्हणतात, आणि आपल्याकडे दम्याचा रुग्ण सरळ "पंप" म्हणतो. "पंप घेतलात का सकाळी?" असं मिरजेतल्या दवाखान्यात विचारलं की कुणालाही कळतं. तिथे "इन्हेलर घेतला का" म्हणणारी नर्स नवखी वाटते.

तर शब्द हा असा: घरात जपून वापरला जाणारा, वासाला आणि धुराला जवळचा, दवाखान्यात रुळलेला. अशा शब्दाला घासाशी जोडलं की इंग्रजी माणसाला तिथल्या तिथे अतिशयोक्ती ऐकू येते. हवा जितक्या सहज आत जाते तितक्या सहज जेवण गेलं, चावायचं कामच पडलं नाही. आणि ही अतिशयोक्ती फक्त इन्हेललाच जमते. "ही ब्रीद्स इन हिज फूड" असं भराभर खाण्याबद्दल कुणी म्हणत नाही. तसं म्हटलं तर ऐकणारा खरोखरच घाबरेल.

शब्द तोच, अर्थ दोन: ओळखायचं कसं

यावर मी बरेच दिवस घालवले, कारण "संदर्भ बघा" असं सांगून मुलींच्या हाती काहीच लागत नाही. संदर्भ तर तिनेही पाहिला होता. न्यूमोनियाचा वॉर्ड हाच तो संदर्भ, आणि त्यानेच तिला चुकीच्या बाजूला ढकललं.

पहिली खूण इन्हेलच्या पुढे काय येतं त्यात आहे. "ही इन्हेल्ड अ पीनट." शेंगदाणा, मणी, मटारचा दाणा, नाण्यासारखी एखादी छोटी सुटी वस्तू आली तर अपघात समजायचा आणि धावायचं. "ही इन्हेल्ड द होल पिझ्झा." आख्खा पिझ्झा, आख्खं ताट, सगळं जेवण आलं तर ते खाण्याच्या वेगाचं वर्णन आहे, कारण आख्खा पिझ्झा श्वासनळीत जाऊन कुणी जिवंत राहत नाही. काळ इथे मदत करत नाही, दोन्ही वाक्यं भूतकाळातलीच आहेत. मदत करतो तो त्या वस्तूचा आकार.

दुसरी खूण सवयीची. "ही इन्हेल्स हिज फूड" हे नेहमीचं वागणं सांगणारं वाक्य आहे. त्यात "जस्ट" आला, म्हणजे बोलणारा हात उडवून बोलतोय. आणि "एव्हर सिन्स आय वॉज लिटल" हा तर सरळ पुरावा होता. नात विशी-पंचविशीची. वीस वर्षं रोज अन्न फुप्फुसात जाणारा माणूस ऐंशी ओलांडून परवापर्यंत बागकाम करत होता, हे जुळत नाही. तिने स्वतः विचारलेल्या "ऑलवेज?" या प्रश्नानेच उत्तर बाहेर काढलं होतं. ते ऐकायला तिला दोन सेकंद मिळाले नाहीत, कारण पलीकडच्या कॉटची घंटा वाजत होती.

तिसरी खूण नातीच्या चेहऱ्यावर होती. ती हसत होती. पण या खुणेवर मी मुलींना भिस्त ठेवू देत नाही. नातेवाईक भीतीनेही हसतात.

दुसरा शब्द, जो कुणाच्या लक्षात आला नाही

माझ्या मते खरा सांधा निखळला तो आठ वाजता, जेव्हा इन्हेलचा अ‍ॅस्पिरेट झाला. नातीचा शब्द जसाच्या तसा पुढे गेला असता तर रात्रपाळीची नर्स, जी तिथलीच होती, कदाचित हसली असती आणि म्हणाली असती, "माझा नवराही तसाच खातो." पण अ‍ॅस्पिरेट ऐकून कुणी हसत नाही. तो निदान सांगणारा शब्द आहे. घरातली गंमत वैद्यकीय शब्दात शिरली आणि तिचं मूळ पुसलं गेलं.

तिने हे वाईट हेतूने केलं नाही, आळसानेही नाही. रुग्णाची भाषा व्यावसायिक भाषेत नेणं हेच तर आम्ही शिकवतो! ओईटीच्या लेखी भागात रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं, आणि तिथे "पोटात गुडगुडतंय"चं नीट वैद्यकीय वाक्य केलं की मी शाबासकी देते. ती सवय माझ्याच हाताने लागलेली. त्याबरोबर हेही शिकवायला हवं होतं की रुग्णाचं किंवा घरच्यांचं म्हणणं आधी त्यांच्याच शब्दांत, अवतरणात लिहायचं, आणि आपला अर्थ त्याच्या शेजारी वेगळा लिहायचा.

अ‍ॅस्पिरेट हा शब्दही काही सरळ नाही. मुळात तोही श्वासाचाच, लॅटिनमधल्या फुंकर घालण्याच्या क्रियापदावरून आलेला. वॉर्डात त्याचे दोन अर्थ एकाच दिवशी कानावर पडतात. रुग्ण अ‍ॅस्पिरेट झाला म्हणजे अन्न किंवा उलटी फुप्फुसात गेली. आणि नाकातून पोटात घातलेल्या नळीतून सिरिंजने ओढून काढलेला द्रव, तोही अ‍ॅस्पिरेट. नळी पोटातच आहे ना, हे बघायला त्या द्रवाची आम्लता तपासतात, आणि पीएच 5.5 किंवा त्याहून कमी आला तर नळी जागेवर आहे असं धरतात. एकीकडे नको ते आत जाणं, दुसरीकडे हवं ते बाहेर ओढणं. शिवाय भाषाशास्त्रात ख, घ, ठ, ढ यांना अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात. ज्यांना आपण महाप्राण म्हणतो तेच. श्वासाचा जोर लावून उच्चारलेले वर्ण. आपल्या व्याकरणकारांनीही त्या शब्दात प्राणच घातला आहे, हे मला नेहमी सुंदर वाटतं.

इन्स्पायर हे या कुळातलंच. आत फुंकणं हा त्याचा मूळ अर्थ. तो दवाखान्यात "इन्स्पिरेटरी"मध्ये उरला आणि बाहेर मात्र नुसती प्रेरणा राहिली. एका मुलीने सरावात रुग्णाला "प्लीज इन्स्पायर डीपली" म्हटलं होतं. पुस्तकाच्या हिशेबाने तिचं चूक नव्हतं. पण कॉटवरच्या माणसाला त्यातून काहीही कळलं नसतं.

मराठी कान

एक मुद्दा मला मसुद्यात कुठेच दिसला नाही, आणि तो महत्त्वाचा आहे. मराठीत खाण्याच्या वेगाला आपण श्वासाशी कधीच जोडत नाही. आपण बकाबका खातो, मटकावतो, हादडतो, गिळतो, ताटाचा चट्टामट्टा करतो. वेगात प्यायचं तर गटागटा. हे सगळे शब्द तोंडाचे, घशाचे, हाताचे. त्यामुळे जेवण आणि श्वास एका वाक्यात आले की मराठी कानाला एकच चित्र दिसतं: ठसका. आई म्हणते ना, "जेवताना बोलू नकोस, ठसका लागेल." माझ्या विद्यार्थिनीने इंग्रजी वाक्य ऐकलं इंग्रजीत, पण चित्र उमटलं ते घरच्या पंगतीचं.

गंमत अशी की आपणही दुसऱ्या टोकाने हेच करतो. धूर छातीत ओढण्याला आपण पिणं म्हणतो. विडी पितो. धूम्रपान या शब्दात तर पान आहेच. इंग्रजी माणूस जेवण श्वासासारखं घेतो आणि आपण धूर पाण्यासारखा पितो. "माझे वडील दिवसाला दोन बंडलं पितात" हे वाक्य शब्दशः उतरवून एखाद्या इंग्रज नर्सच्या हाती दिलं, तर तीही काही क्षण गोंधळेल, आणि कुणी म्हणणार नाही की तिचं मराठी कच्चं आहे म्हणून रुग्णाला त्रास झाला.

तपकीर मात्र आपण ओढतो, वाफारा घेतो, फूल हुंगतो. आणि "श्वास घ्या" यात आत घेणं आणि एकूणच श्वासोच्छ्वास चालू ठेवणं दोन्ही बसतं, म्हणून इन्हेलर शिकवताना मराठीत "आत ओढा, हळू, लांब" असं फोडून सांगावं लागतं. दाबाच्या पंपाला श्वास सावकाश ओढायचा, कोरड्या पावडरच्या उपकरणाला जोरात आणि खोल. दोन्हींना "श्वास घ्या" एवढंच सांगितलं तर औषध घशातच राहतं.

सोमवार

आजोबांना रात्रभर सलाइन होतं. अँटिबायोटिक शिरेतून चालूच होतं, पण रात्रीच्या नेहमीच्या गोळ्या तोंडाने देता आल्या नाहीत. ओल्या बोळ्याने ओठ पुसून दिले. पहाटे पाचला ते जागे झाले आणि त्यांनी चहा मागितला. नाही म्हटल्यावर पाणी मागितलं. पाणीही नाही म्हटल्यावर, मी काय गुन्हा केला, असं त्यांनी विचारलं. हे त्या रात्रीच्या नर्सने नोंदीत लिहिलं होतं, आणि माझ्या विद्यार्थिनीने तेच वाचून मसुद्याचं पहिलं वाक्य लिहिलं असावं.

साडेअकराला स्पीच थेरपिस्ट आली. तिथे गिळण्याची तपासणी हेही त्यांचंच काम असतं. तिने आधी नातीला फोन केला आणि विचारलं, जेवताना नेमकं काय होतं? नात गोंधळली, मग तिला कळलं आणि ती रडायला लागली. आपल्या एका बोलण्यामुळे आजोबा रात्रभर तहानलेले राहिले! थेरपिस्टने तिला समजावलं आणि कॉटकडे आली. आजोबांना सरळ बसवलं, चमचाभर पाणी दिलं, गळ्यावर हलकेच बोटं ठेवून गिळण्याची हालचाल पाहिली, मग त्यांना "आ" म्हणायला लावून आवाज ओलसर, घोगरा होतोय का ते ऐकलं. आवाज स्वच्छ होता. मग घोटघोट पाणी, मग दही. ठीक बारा वाजता पाटी निघाली आणि चहा आला.

त्यानंतर जे झालं ते मसुद्यात एका ओळीत होतं आणि मी तिला ते सविस्तर लिहायला लावलं. थेरपिस्ट जेवण येईपर्यंत थांबली. आजोबांनी पहिला घास गिळायच्या आत दुसरा तोंडात घातला, आणि दुसरा चावत असतानाच तिसरा. चौथ्या घासाला ते खोकले. तिने लिहून ठेवलं: नेहमीचं जेवण चालेल, पण लहान चमचा द्यावा, बसवून जेवू घालावं, एक घास संपल्याशिवाय पुढचा नाही, आणि जेवताना कुणीतरी जवळ असावं.

म्हणजे नातीच्या इन्हेलचा अर्थ भराभर खाणं हाच होता, आणि भराभर खाणं हाच या वयात, या फुप्फुसांसाठी धोका होता. माझ्या विद्यार्थिनीला शब्द चुकीचा कळला, पण जिथे बघायला हवं तिथेच तिने बोट ठेवलं. तिने ते वाक्य "हो, भूक चांगली आहे" असं समजून सोडून दिलं असतं, तर कुणी चूक काढली नसती, आणि कुणी आजोबांना जेवताना पाहिलंही नसतं. सोळा तासांची तहान चुकवता आली असती हे खरंच आहे. ती चुकवायला एक प्रश्न पुरला असता.

मसुदा आणि वर्ग

मी तिला फोन केला. म्हटलं, "अगं, ते पहिलं वाक्य काढ."

"पण मॅडम, खरंच तर आहे ना ते."

"तुला शब्द येत नव्हता का?"

"येत होता."

"मग कच्चं काय होतं?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मी परत विचारलं नाही. ती हसत होती, आणि मला वाटलं, परत विचारलं तर तिला वाटेल की हिला इंग्रजी कळत नाही."

हे मी तसंच लिहायला सांगितलं, तिच्याच शब्दांत. आता तिच्या टिपणाची सुरुवात तिथून होते. परदेशात काम करणाऱ्या आपल्या किती मुली रोज हाच हिशेब करत असतील, विचारलं तर अज्ञान दिसेल आणि नाही विचारलं तर चूक होईल, याचा विचार मनातून जात नाही. ज्या वॉर्डात प्रश्न विचारणं कमीपणाचं वाटतं त्या वॉर्डाची ती अडचण आहे, आणि तिचं ओझं दहा महिन्यांपूर्वी मिरजेहून गेलेल्या मुलीच्या खांद्यावर टाकणं मला पटत नाही. पण वॉर्ड बदलणं माझ्या हातात नाही. वर्ग आहे.

ओईटीच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात, प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचा, तयारीला तीन मिनिटं. आता त्यातल्या एका सरावात मी नात होते. मी हसते, हात उडवते आणि म्हणते, "ओह, ही जस्ट इन्हेल्स हिज फूड." मुलींनी घाबरायचं नाही आणि मान डोलवून पुढेही जायचं नाही. त्यांनी मला दोन पर्याय ठेवून विचारायचं: "डू यू मीन ही ईट्स व्हेरी फास्ट, ऑर डज फूड गो डाउन द राँग वे?" मग, काहीही उत्तर आलं तरी, "डज ही कफ व्हेन ही ईट्स?" आणि नोंद करताना नातीचं वाक्य अवतरणात.

परवा एका मुलीने हे सगळं बरोबर केलं आणि मग स्वतःहून पुढचा प्रश्न विचारला, जो मी शिकवलेला नव्हता. "हाऊ लाँग डज अ मील टेक हिम?" जेवायला किती वेळ लागतो?

मी नात असल्याचं विसरून फळ्याकडे वळले आणि तो प्रश्न लिहून घेतला.